अहोची कळ

"माझ्या बायकोची जीभ मी लिहिली आहे; तिच्यात दुसऱ्या कुणी बोट घालायचं नाही."

हे तो डेपोच्या कँटीनमध्ये म्हणाला होता, चहाच्या कपात बघत, कुणी काही विचारलेलं नसताना. "आम्ही काय दाताचे डॉक्टर आहोत का?" असं कुणीतरी म्हणालं आणि टेबल हसलं. तो हसला नाही. कप उपडा घालावा तसं ते वाक्य त्याने टेबलावर उपडं घातलं होतं. आता त्यात कुणाला काही ओतता येणार नव्हतं.

डेपोत त्याला आम्ही सगळे कळलाव्या म्हणायचो. भांडणं लावतो म्हणून नव्हे. भांडणं लावायला चार जणांशी गोड बोलावं लागतं, आणि हा स्वतःच्या सावलीशीही जपून बोलायचा. बसस्थानकाच्या वरच्या मजल्यावर संगणकांची खोली होती. तिथे तो बंद पडलेले कळफलक उलटे करून झटकायचा, चिकटलेल्या कळा उपटून पुसायचा, परत लावायचा. एका कंडक्टरने ते पाहिलं आणि नाव ठेवलं. नाव लागू पडलं ते वेगळ्याच अर्थाने. कळ त्याच्याच छातीत उठायची, आणि ती मत्सराची होती.

खाली, फलाटांच्या मधोमध, काचेची केबिन होती. तिथे माईकपुढे ती बसायची. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." एवढं ती म्हणाली की भांडणारी माणसंसुद्धा वाक्य अर्धवट सोडून वर बघायची, जणू आवाज छतात राहतो. तिच्या शेजारच्या खुर्चीत टाइमकीपर, ज्याला सगळे घड्याळ्या म्हणत. दोघं एकाच वयाची, बरोबरच नोकरीला लागलेली, आणि पहिल्या दिवसापासून अरे-तुरेवर.

"अरे, सातची गाडी कुठे मेली?"

"अगं, टायर बदलतायत. तू तोवर गाणं म्हण."

माईक बंद करायला ती विसरली की हे फलाटभर ऐकू जाई आणि लोक हसत. वरच्या मजल्यावर एक माणूस हसत नसे.

त्याच्याशी ती अहो-जाहो करायची, कारण तो वयाने आणि हुद्द्याने मोठा. मग त्यांचं लग्न झालं. नवरा म्हटल्यावर अहो आलंच. म्हणजे तो एका अहोतून उठला आणि दुसऱ्या अहोत जाऊन बसला. मधे अरेचा एखादा थांबा लागेल असं त्याला वाटलं होतं. गाडी तिथे थांबली नाही. आणि 'मला अरे म्हण' असं सांगायची सोय नव्हती. सांगून मिळालेलं अरे हे अहोच असतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी तिला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. शब्द गेले नव्हते. ते आत जागच्या जागी होते, दार तेवढं बंद झालं होतं. डाव्या हाताची तर्जनी उरली. हॉस्पिटलात सगळे हळहळले. तोही रडला, खरोखरीचं रडला. पण त्या रडण्याच्या तळाशी एक गोष्ट पडून होती, जी तो स्वतःलाही उचलून दाखवत नव्हता. जो आवाज सगळ्या स्थानकाचा होता तो आता कुणाचाच नव्हता. आणि जे कुणाचंच नसतं, ते पहिल्यांदाच आपलं होऊ शकतं.

त्याने तिच्यासाठी कळफलक लिहिला.

हात लावला की चालणारा एक स्क्रीन त्याने खिडकीपाशी, लोखंडी दांड्यावर, तिच्या खुर्चीसमोर बसवला. संगणकात आधीपासून असलेल्या कीबोर्डच्या कळा तिच्या थरथरत्या बोटाला फार लहान होत्या. क दाबायला जावं तर ख लागायचा. त्याने स्वतःच्या कळा केल्या. प्रत्येक कळ बिस्किटाएवढी, बोट जरा घसरलं तरी समजून घेणारी. तिचं बोट जिथे सहज पोचतं तिथे तिची रोजची अक्षरं. पाणी, कूस, पंखा, दुखतंय, या शब्दांना अख्ख्या कळा. आणि डावीकडे वर, दोन कळांच्या रुंदीची, फिकट पिवळी, एक कळ: अहो.

अरेला कळ नव्हती. हवंच असेल तर अ, मग र, मग मात्रा. ज्याला हवं त्याने चालत जावं.

ती लिहायची ते वरच्या पांढऱ्या खिडकीत उमटायचं. वाक्य झालं की ती खिडकीच्या कोपऱ्यातल्या 'बोल' वर बोट टेकवायची आणि संगणक सपाट आवाजात ते वाचायचा. खिडकीतली अक्षरं बारीक होती. म्हणून कळफलकाच्या माथ्यावर त्याने एक पट्टी बसवली. तिने दाबलेलं प्रत्येक अक्षर त्या पट्टीत मोठ्ठं दिसायचं, स्वयंपाकघरातूनही वाचता यावं इतकं. "म्हणजे मला धावत यायला नको," तो म्हणायचा. वाक्य मोठ्याने ऐकू येतच होतं, मग पट्टी कशाला, हे कुणी विचारलं नाही. पट्टीत न बोललेलंही दिसायचं. तिने लिहून, विचार बदलून, खोडून टाकलेलंही.

घड्याळ्या अधूनमधून सुट्टीच्या दिवशी यायचा. ती त्याच्यासाठी चालत जायची. अ. र. मात्रा. स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता नवरा ती तीन पावलं पट्टीत बघत राहायचा, आणि चहा कपाबाहेर जायचा.

संगणकाची प्रणाली जुनी झाली होती. स्क्रीनवर सारखी एक चौकट यायची: नवी प्रणाली तयार आहे, आत्ता की नंतर? तो न चुकता 'नंतर' दाबायचा. चालत्या गाडीला खीळ कशाला, असं त्याचं म्हणणं. पण एका संध्याकाळी तो कामावरून परतला तर स्क्रीन नवा होता. गोल कोपरे, निळसर पार्श्वभूमी, अनोळखी माणसाने आवरलेल्या खोलीसारखं सगळं जागच्या जागी आणि काहीच न सापडणारं. त्याचा कळफलक होता. ती कळ दाबत होती, कळ दबत होती, पट्टीत अक्षरही येत होतं. पांढऱ्या खिडकीत मात्र काही नाही. ती 'बोल' वर बोट टेकवायची आणि संगणक कोऱ्या कागदाचं वाचन करायचा.

तिची धाकटी बहीण दिवसा तिच्यापाशी असायची. तिने विचारलं, "भाऊजी, झालंय काय नक्की?"

"एका वेळी एकाच खिडकीकडे लक्ष असतं," तो म्हणाला. "लक्ष जिथे, अक्षरं तिथे. पडद्यावरच्या कळफलकाने लक्ष स्वतःकडे घ्यायचं नसतं. त्याने दाबून घ्यायचं आणि बाजूला राहायचं."

"आणि आता?"

"आता तो घेतोय. अक्षर पुढे जातच नाही, त्याच्यापाशीच राहतं."

"म्हणजे लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरच," मेहुणी म्हणाली. खुर्चीतून हसण्याचा आवाज आला. हसणं तेवढं झटक्याने नेलं नव्हतं. त्याने मान वर केली नाही.

"पण या नव्या सिस्टिमचा स्वतःचा कीबोर्ड असेल ना?"

"आहे."

"मग तो लावा ना ताईला तोवर."

"तो सगळ्यांचा आहे."

त्याने रजा टाकली. एका पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिली. ती बोट ठेवायची आणि तो मोठ्याने वाचायचा. पा, णी. खि, ड, की. दोघांची डोकी एका पुठ्ठ्यावर वाकलेली. तिचं प्रत्येक वाक्य आता त्याच्याच तोंडून बाहेर पडत होतं. दुरुस्तीला तो रोज बसायचा, पण खरं सांगायचं तर त्याला घाई नव्हती.

रविवारी घड्याळ्या आला. "काय गं, आज गाड्या बंद?" म्हणत त्याने खुर्ची ओढली. बहिणीने झाला प्रकार सांगितला. घड्याळ्या स्क्रीनवर वाकला, कोपऱ्यातल्या एका चिन्हावर टिचकी मारली, आणि खालून राखाडी कळांची एक चळत वर आली. त्या नव्या कीबोर्डच्या कळा बऱ्या होत्या, बिस्किटाएवढ्या नव्हत्या, पण बोट बसेल अशा. आणि कळांच्या वर तीन शब्द तयार उभे राहायचे. पहिलं अक्षर दाबलं की तो आपणच सुचवायचा.

नवरा तेव्हा स्वयंपाकघरात होता. सपाट आवाज ऐकू आला: "अरे, माझ्या खुर्चीवर कोण बसतं आता?"

"कुणी नाही. रेकॉर्ड केलेली बाई आणलीये. कधी खोकत नाही, कधी चुकत नाही. जाम वैताग."

"अरे, मग तू भांडतोस कोणाशी?"

"भिंतीवरच्या घड्याळाशी. तेही पुढेच असतं."

ती हसली. मग बराच वेळ 'बोल'चा आवाज आला नाही. ती लिहीत होती आणि तो वाकून वाचत होता, आणि मधेच "छे गं" म्हणत होता. नवऱ्याने सवयीने स्क्रीनकडे पाहिलं. पट्टी नव्हती. त्याच्या घरात, त्याच्या खिडकीपाशी, काहीतरी बोललं जात होतं आणि त्याला वाचता येत नव्हतं. त्याने गॅस बंद केला. चहा झालाच नव्हता, हे नंतर त्याच्या लक्षात आलं.

घड्याळ्या गेल्यावर तो तिच्या समोर उभा राहिला. "नवी प्रणाली त्यानेच घातली. मागच्या वेळी आला होता तेव्हा दाबून गेला असणार. दुसऱ्याच्या घरात बोटं चालतात त्याची."

ती त्या राखाडी कळांवर सावकाश लिहू लागली. चुकत, खोडत, परत लिहीत. मग 'बोल'.

"मी दाबलं."

"तू? कशाला?"

"रोज नंतर, नंतर. मला बघायचं होतं नंतर काय असतं."

तो म्हणाला, "विचारायचंस तरी." आणि कशाने विचारणार होती, पट्टीतच ना, हे त्याचं त्यालाच सुचलं.

दुपारी ती झोपली. बहीण बाजारात गेली. तो स्क्रीनसमोर बसला आणि त्याने त्या परक्या कीबोर्डवर एकच कळ दाबली: अ. वर तीन शब्द उभे राहिले. अरे. अहो. असू दे.

त्याने खोडलं, परत दाबलं. अरे. अहो. असू दे.

कीबोर्ड जे जास्त वापरलं जातं ते पुढे आणतो, हे त्याला ठाऊक होतं. तो धंद्यातलाच माणूस. पण ठाऊक असणं वेगळं आणि यंत्राने तोंडावर सांगणं वेगळं. इतकी वर्षं पिवळ्या कळेखाली झाकून ठेवलेली गोष्ट या राखाडी उपऱ्याने एका बैठकीत ओळखली होती. अरे पहिला. आपण दुसरे. आणि आपल्या मागोमाग असू दे.

मग त्याने जे केलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही, पण लपलंही नाही. तो अहो लिहू लागला. अहो. अहो. अहो. बायको शेजारी झोपलेली, पंखा फिरतोय, आणि हा थोराड माणूस पोराने पाटी भरावी तसा पांढरी खिडकी अहोने भरतोय. अखेर त्याने सगळं पुसलं आणि अ दाबला. अहो. अरे. असू दे. तेव्हा तो उठला आणि तोंड धुवायला गेला.

ती जागी झाली. पाणी मागायचं म्हणून तिने नवऱ्याला हाक मारायला अ दाबला. अहो पुढे आलं, तिने घेतलं. पुढचा शब्द सुचवायला कीबोर्ड तयारच होता: अहो. तिने चुकून तोही घेतला. पुढे परत अहो. कारण त्या दुपारी तो एवढंच शिकला होता, की अहोच्या पुढे अहोच येतं. ती थांबली. तिन्ही शब्दांकडे बराच वेळ बघत राहिली. मग हळूहळू लिहून तिने 'बोल' दाबलं.

"अहो अहो अहो. कोणाचा जप चालला होता?"

बाजारातून आलेली बहीण दारातच पिशव्या टाकून हसायला लागली. टॉवेल हातात घेऊन तो उभा होता. कानापर्यंत लाल झाला होता. "नवीन आहे तो," एवढंच म्हणाला. "चुकतो."

ती आणखी लिहीत होती. "माझं बोट दमतं याच्यावर. तुमचा कधी होणार?"

तुमचा, असं ती म्हणाली. त्या एका शब्दावर त्याने पुढचे दिवस काढले.

आता त्याला घाई होती. त्याने नव्या प्रणालीची परवानग्यांची पानं वाचली, आपला कळफलक तिथे नव्याने नोंदवला, प्रत्येक खिडकीला 'लक्ष घेऊ नये' अशी ताकीद लिहिली. कळा ताकीद पाळत होत्या. तरीही अक्षर अडत होतं. मग एकेक तुकडा बाजूला काढत तो बघत गेला, ताटातला खडा शोधावा तसा. पाणी काढलं, कूस काढली, पंखा काढला. पिवळी कळ काढताना क्षणभर थांबला आणि तीही काढली. अक्षर अडतच होतं.

उरली पट्टी.

पट्टी ही कळ नव्हती. तिच्यात अक्षरं उमटायची, म्हणजे ती स्वतःच लिहून घेणारी एक लहान खिडकी होती, आणि लिहून घेणारी खिडकी लक्ष मागतेच. जुनी प्रणाली तिच्या मागण्याकडे काणाडोळा करायची. नवीने तिचं मागणं कायदेशीर मानलं आणि मंजूर केलं. तिच्या बोटाने लिहिलेलं प्रत्येक अक्षर, खिडकीपर्यंत जायच्या आत, तो स्वयंपाकघरातून वाचायचा ती जागा गिळत होती.

त्याने पट्टी वाचवायचा प्रयत्न केला. तिला कोपऱ्यात नेलं, अरुंद केलं, फिकट केलं. थोडीशी तरी असू दे, या बोलीवर तो यंत्राशी घासाघीस करत राहिला. यंत्र ऐकेना. एका बाजूला पट्टी आणि बंद पडलेला त्याचा कळफलक. दुसऱ्या बाजूला पट्टी नसलेला, चालणारा. नाहीतर तो राखाडी, सगळ्यांचा, जो मधल्या रविवारी घड्याळ्या येऊन गेल्यावर पुन्हा अरे पुढे आणू लागला होता.

त्याने पट्टी काढून टाकली. सगळे मिळून थोड्याच ओळी होत्या. मग बाकीच्या कळा एकेक करून परत लावल्या, पिवळी सर्वांत शेवटी.

रविवारी सकाळी त्याने कळफलक तिच्यासमोर ठेवला. तिने कळांच्या माथ्यावर, पट्टी असायची त्या मोकळ्या जागेवर बोट फिरवलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"गेली," तो म्हणाला. "नव्या सिस्टिमला चालत नाही."

ती नुसती बघत राहिली, आणि त्याला टॉवेल घेऊन उभं असल्यासारखं वाटलं.

दार वाजलं. घड्याळ्या आला होता, एक जुना माईक घेऊन. केबिन पाडायला घेतली तेव्हा भंगारातून उचललेला. "तुझा आहे गं. गाडी उशिरा आली की चावायचीस, दातांचे ठसे आहेत बघ अजून," म्हणत त्याने तो खिडकीत ठेवला. मग स्क्रीनकडे बघून म्हणाला, "अरे वा, कळलाव्या! झाला वाटतं? मानलं बुवा तुला."

"बघ वापरून," तो बायकोला म्हणाला, घड्याळ्याकडे न बघता. तिने पहिली कळ पिवळीच दाबावी हे त्याला हवं होतं, आणि ते घड्याळ्यासमोर हवं होतं. त्यासाठीच तर तो इतके दिवस खपला होता.

तिचं बोट उठलं. थरथरत डावीकडे वर गेलं आणि पिवळ्या कळेवर टेकलं. अहो. एका टिचकीत, चालत न जाता. त्याने श्वास सोडला. बहिणीने टाळी वाजवली.

बोट पुढे निघालं. बिस्किटाएवढ्या कळांवर ते आता न चुकता उतरत होतं, कितीतरी दिवसांनी घरच्या रस्त्यावर लागल्यासारखं. अक्षरं पांढऱ्या खिडकीत जात होती, बारीक, आणि तो उभा होता तिथून ती वाचता येत नव्हती. ती काय लिहितेय हे लिहून व्हायच्या आधी त्याला माहीत नाही, असं या स्क्रीनसमोर पहिल्यांदाच होत होतं. वाक्य लांबत गेलं. तो बोटाकडे बघत राहिला. शेवटी तिने 'बोल' दाबलं, आणि त्याने स्वतः निवडलेला सपाट आवाज, एकही अक्षर न गाळता, खोलीभर म्हणाला:

"अहो, तुम्ही जरा बाहेर जाता का? मला याच्यापाशी तुमच्याबद्दल बोलायचंय."

बहीण हसायला लागली आणि मधेच थांबली. घड्याळ्याने छताकडे पाहिलं. ती मात्र त्याच्याकडेच बघत होती, तोंडाच्या चालत्या कोपऱ्यात हसू धरून, आणि बोट पुढच्या वाक्यासाठी कळांवर तयार ठेवून.

त्याने कळफलक पाहिला. दाबला गेला होता आणि बाजूला राहिला होता. काही अडवलं नव्हतं. त्याने दाराशी चपला घातल्या, एक उलटी घातली ती काढून सुलटी घातली, दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरून गेला.